हेही पाहा

गुरुवारी दुपारी तीनला भाताचं पातेलं उतरवते,
तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवते
आणि वर्गात बसते.
शिकवणाऱ्या बाई परभणीच्या.
त्यांच्या मागच्या भिंतीवर एक पाल,
तीही आठही गुरुवार हजर.
आम्ही एकशे चाळीस जण, कॅमेरे बंद,
कुणाच्या मागे कुकर, कुणाच्या मागे भांडण,
"माइक बंद करा कुणीतरी," असं प्रत्येकजण
माइक चालू करून सांगणार.

कोर्स फुकट.
मिस्टर म्हणाले, फुकाट हाय ना? मंग शीक.
पैसे पडले असते तर काय म्हणाले असते
ते मी विचारलं नाही.

ऐरोलीच्या आमच्या वाचनालयाला टेकू लावलेत.
स्लॅबमधल्या सळया दिसायला लागल्या तेव्हा
पुस्तकांच्या एकशे बारा गोण्या शिवल्या,
रबाळ्याच्या गोदामात रचल्या, रंगाच्या डब्यांशेजारी,
आणि वरून निरोप आला, घरून काम करा.
म्हणजे जाळं घरात पसरायचं
आणि त्यात कधीकाळी आलेले मासे मोजायचे.
दाखल-वह्या, सभासद-वह्या मी रिक्षातून आणल्या,
तीन फेऱ्या, मांडीवर.
आता एकेक ओळ एक्सेलमध्ये भरते.
वाळवीनं खाल्लेल्या जागी प्रश्नचिन्ह टाकते.

पाचवा गुरुवार नावांचा.
"एक माणूस, एक नाव," बाई म्हणाल्या.
"लेखक टोपणनावानं लिहील, लग्नाआधीच्या नावानं लिहील,
नुसत्या आद्याक्षरांमागे बसेल.
आपण एक रूप पक्कं करायचं
आणि बाकीच्या प्रत्येक नावाच्या नोंदीत लिहायचं: पाहा.
कुठूनही शोधलं तरी
वाचक त्याच माणसापाशी पोचला पाहिजे."
पाल ट्यूबलाइटकडे सरकली.
मी वहीत 'पाहा' लिहिलं. खाली दोनदा रेघ मारली.

मस्टरवर मी सु. ना. मढवी.
बँकेत सुनंदा.
जाऊबाईंसाठी नंदा, माहेरी विजू.
दिवागावात लग्नाच्या दिवशी
तांदळाच्या ताटात अंगठीनं सुनंदा लिहिलं,
रात्री त्याच तांदळाचा भात झाला
आणि सगळे जेवले.
जुन्या नावाच्या जागी
पाहा म्हणून कुणी काही लावलं नाही.
आलंच कुणी विचारत, तर ते तसंच परत गेलं असणार.

आठव्या गुरुवारनंतर सर्टिफिकेट आलं.
सोनेरी किनार, आणि मधोमध
श्री. सुनंद मढवी.
शेवटचा काना माझ्याच अंगठ्यानं गाळला होता,
श्री. त्यांनी प्रेमानं जोडलं.
दुरुस्तीचा अर्ज होता खाली. भरला नाही.
मुलगी हसून हसून ओट्याला टेकली.

मग परवा, सभासद-वही क्रमांक तीन, साल सत्त्याऐंशी.
पान मीठ लागल्यासारखं कडक.
क्रमांक चारशे बारा: गोवारी विजयमाला, इयत्ता सातवी ब.
पालकाची सही, म्हणजे अंगठा,
निळा, जरा उजवीकडे फरफटलेला.
बाबांना घाई असायची भरतीच्या वेळी.
नेलेलं पुस्तक: शिवणकाम, दाखल क्रमांक नऊशे सात.
परत केल्याची तारीख: कोरी.

बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
मग शेऱ्याच्या रकान्यात टाइप केलं,
गोवारी, विजयमाला. पाहा: मढवी, सुनंदा.
आणि त्याखाली, कुणी तपासणार नाही म्हणून,
मढवी, सुनंद, श्री. हेही पाहा.

दंड दिवसाला पाच पैसे होता तेव्हा.
फॉर्म्युला घातला:
सहाशे त्र्याण्णव रुपये आणि वर काही.
भरेन. वाचनालय उघडलं की भरेन, पावतीसकट.
पण पुस्तक देता येणार नाही.
ते कुठंय मला ठाऊक आहे,
आईच्या शिलाई मशीनच्या मागच्या डाव्या पायाखाली.
काढलं तर मशीन डुगडुगेल,
आणि तिची अजून ब्लाउजं यायची आहेत.